कायद्याची प्रवेशपरीक्षा आणि तर्काचे प्रश्न



बारावीची परीक्षा जवळ आली, म्हणजे एक प्रश्न दरवर्षीं हटकून कानावर येतो. यंदां तो मंठा तालुक्यांतील एका शेतकरी पालकांनीं विचारला. मुलीनें वकील होण्याचा निश्चय केलेला. घरांत वकिलीचा वारसा मुळींच नाहीं. ते म्हणाले, "सर, इंग्रजीला पुस्तक आहे, सामान्यज्ञानालाहि पुस्तक आहे, पण हा तर्क म्हणून जो विषय आहे, तो कोणत्या पुस्तकांत शिकावा? कीं त्याच्यासाठीं पोरीला पुण्याच्या क्लासालाच पाठवावें लागेल?" प्रश्न साधा होता; परंतु त्याच्या पाठीमागें घरची एक मोठी रक्कम आणि मुलीचें एक वर्ष उभें होतें. त्या दिवशीं त्यांना जें थोडक्यांत सांगितलें, तेंच येथें जरा विस्तारानें मांडीत आहें.

उत्तराचा गाभा एवढाच आहे. तर्काच्या प्रश्नांत नवें ज्ञान विचारलेलें नसतें. दिलेल्या शब्दांतून जेवढें निघतें तेवढेंच काढावें, त्याहून अधिक नाहीं आणि उणेंहि नाहीं, ह्या प्रामाणिकपणाची तेथें कसोटी असते. ही संवय जालन्यांत बसूनहि लागते, आणि मराठींतूनहि लागते.

परीक्षांचें स्वरूप

महाराष्ट्रांतील विधि महाविद्यालयांच्या प्रवेशासाठीं २०१६ सालापासून राज्याची सामाईक प्रवेशपरीक्षा, म्हणजे सीईटी, घेतली जाते. बारावीनंतरच्या पांच वर्षांच्या अभ्यासक्रमाची एक व पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची दुसरी, अशा तिच्या दोन शाखा आहेत. कायद्याचा कल, सामान्यज्ञान, तर्क व इंग्रजी हे तिचे मुख्य विभाग होत. इंग्रजीचा विभाग वगळतां ती मराठींतूनहि देतां येते, आणि चुकलेल्या उत्तराबद्दल तींत गुण कापले जात नाहींत.

दुसरी परीक्षा अखिल भारतीय आहे. तिला क्लॅट म्हणतात. ती २००८ सालीं सुरू झाली. राष्ट्रीय विधि विद्यापीठांचे प्रवेश तिच्यावर होतात; अशीं तीन विद्यापीठें आपल्या राज्यांत मुंबई, नागपूर व छत्रपति संभाजीनगर येथें आहेत. ही परीक्षा मात्र केवळ इंग्रजींतून होते. दोन तासांत १२० प्रश्न असतात; बरोबर उत्तरास एक गुण मिळतो व चुकलेल्या उत्तरामागें पाव गुण वजा होतो. २०२० सालापासून तींत सुमारें ४५० शब्दांचा एकेक उतारा देऊन त्यावर प्रश्न विचारण्याची पद्धति आली आहे. परीक्षांचे नियम मधूनमधून बदलतात. म्हणून ज्या वर्षीं परीक्षा द्यावयाची त्या वर्षाची अधिकृत सूचना प्रत्येकानें स्वतः वाचावी. शब्द नीट वाचण्याचा पहिला धडा तोच समजावा.

धूर, अग्नि आणि तापलेला गज

आपल्या भाषेंत "न्याय" ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. कचेरींत मिळतो तो न्याय, आणि गौतमाच्या सूत्रांपासून चालत आलेलें तर्काचें शास्त्र, तेंहि न्यायच. हे दोन अर्थ एका शब्दांत नांदतात, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

सतराव्या शतकांत अन्नंभट्टानें लिहिलेला तर्कसंग्रह हा लहानसा ग्रंथ न्यायशास्त्राच्या आरंभास आजहि शिकवितात. अनुमान दुसऱ्यास पटवावयाचें असेल, तर त्याचीं पांच अंगें असतात, असें तें शास्त्र सांगतें: प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय व निगमन. डोंगरावर अग्नि आहे, ही प्रतिज्ञा. कारण तेथें धूर दिसतो, हा हेतु. जेथें जेथें धूर तेथें तेथें अग्नि, जसें स्वयंपाकघरांत, हें उदाहरण. ह्या डोंगरावरहि तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून येथें अग्नि आहे, हें निगमन. परीक्षेंतील कोणताहि उतारा घ्या. लेखकाचा दावा कोणता, त्याचा आधार कोणता, व दोहोंना जोडणारा नियम कोणता, हीं तीन अंगें त्यांत शोधलीं, कीं निम्में काम झालें.

आतां हेंच वाक्य उलटें करून पाहा. जेथें जेथें अग्नि तेथें तेथें धूर, असें म्हणतां येईल काय? जालन्याच्या मुलाला ह्याचें उत्तर पुस्तकांत शोधावयास नको. आपल्या औद्योगिक वसाहतींतील रोलिंग मिलमध्यें भट्टींतून बाहेर पडलेला लोखंडी गज ज्यानें पाहिला असेल, त्याला ठाऊक आहे कीं गज लालबुंद असतो, त्याची धग दुरून लागते, पण त्यांतून धूर निघत नाहीं. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचें हेंच उदाहरण जुन्या नैयायिकांनीं दिलें आहे. ते आणखी एक पाऊल पुढें जातात व सांगतात कीं, धूर नुसत्या अग्नीपासून होत नाहीं. ओलें सर्पण असेल तेव्हां होतो. म्हणजे उलट्या वाक्यांत एक अट गुपचूप गाळली गेली होती. प्रवेशपरीक्षेंतील फसव्या पर्यायांचा फार मोठा भाग ह्या एकाच चुकीवर उभारलेला असतो.

हा नियम पक्का करण्यासाठीं मोंढ्यांतील एक उदाहरण घेऊं. समजा, दुकानाचा नियम असा आहे: "हिशेबपट्टी मिळाली असेल, तर मालाचें वजन झालेलेंच असतें." ह्यावरून चार अनुमानें मनांत येतात.

१. रामरावांना पट्टी मिळाली. म्हणून वजन झालें. हें बरोबर.
२. रामरावांच्या मालाचें वजन झालें नाहीं. म्हणून त्यांना पट्टी मिळाली नाहीं. हेंहि बरोबर.
३. वजन झालें, म्हणून पट्टी मिळाली. हें चूक. पट्टी अजून लिहावयाची राहिली असेल.
४. पट्टी मिळाली नाहीं. म्हणून वजन झालें नाहीं. हेंहि चूक, कारण तेंच.

हीं चार वाक्यें वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. "तरच", "फक्त", "जोंपर्यंत नाहीं तोंपर्यंत" असे शब्द आले, म्हणजे वाक्य प्रथम ह्या "असेल तर" च्या सांच्यांत बसवून घ्यावें. "वजन झालें तरच पट्टी मिळते" ह्या वाक्याचा अर्थ वरच्या नियमाइतकाच आहे; परंतु घाईंत वाचणारा त्याचा अर्थ "वजन झालें कीं पट्टी मिळतेच" असा लावतो व गुण गमावतो.

सर्व, कांहीं आणि कोरड्या विहिरी

दुसरा प्रकार "सर्व" व "कांहीं" ह्या शब्दांचा. पुढील तीन वाक्यें पाहा.

सर्व विहिरी ह्या पाण्याच्या जागा आहेत. कांहीं पाण्याच्या जागा कोरड्या पडल्या आहेत. म्हणून कांहीं विहिरी कोरड्या पडल्या आहेत.

हें अनुमान बरोबर कीं चूक? आपल्या वर्गांत हा प्रश्न घातला, तर बहुतेक हात "बरोबर" ह्या बाजूस वर होतात. त्यांत नवल नाहीं. आपल्या वडीलधाऱ्यांनीं १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. २०१२-१३ सालीं जालना जिल्ह्यानें पाण्यासाठीं काय सोसलें, तें घराघरांत सांगितलें जातें. कोरडी विहीर आपण डोळ्यांनीं पाहिली आहे. मग ती खोटी कशी म्हणावी? तरीहि उत्तर "चूक" असेंच आहे. कागदावर एक मोठें वर्तुळ काढा व त्यास "पाण्याच्या जागा" म्हणा. त्याच्या पोटांत लहान वर्तुळ काढा, तें "विहिरी". आतां "कोरड्या" हें तिसरें वर्तुळ मोठ्यास छेदून, पण लहानास न शिवतां काढतां येतें कीं नाहीं? येतें. कोरड्या पडल्या त्या जागा सगळ्या तलाव व ओढेच असूं शकतील. निष्कर्ष जगांत खरा आहे. पण दिलेल्या दोन वाक्यांतून तो निघत नाहीं.

ह्या विषयांतील सर्वांत अवघड गोष्ट हीच आहे, आणि ती बुद्धीची नसून मनाच्या संयमाची आहे. आपल्याला जें ठाऊक आहे, जें आपण सोसलें आहे, तें क्षणभर बाजूस ठेवून "मला सांगितलें काय?" एवढेंच विचारावयाचें असतें. उद्यां न्यायाधीशाच्या आसनावर बसणारालाहि हेंच करावें लागतें. आरोपी वाईट आहे असें गांव म्हणतो, म्हणून पुरावा पुरा होत नाहीं.

येथें एक बारकावा सांगून ठेवतों. तर्कांत "कांहीं" म्हणजे "निदान एक". "सर्व नाहींत" असा त्याचा अर्थ धरूं नये. "कांहीं मुलें उत्तीर्ण झालीं" हें वाक्य सर्व मुलें उत्तीर्ण झालीं असतांहि खोटें ठरत नाहीं.

न बोललेलें गृहीत

उताऱ्यावरील प्रश्नांत "लेखकानें काय गृहीत धरलें आहे?" हा प्रश्न वारंवार येतो. समजा, उताऱ्यांत लिहिलें आहे: "आमच्या गांवच्या मुली आठवीनंतर शाळा सोडतात. तालुक्याच्या शाळेपर्यंत बस सुरू केली, म्हणजे त्या शाळा सोडणार नाहींत." आधार व दावा ह्यांच्यामध्यें येथें एक खिंड आहे. मुली शाळा सोडतात त्याचें कारण जाण्यायेण्याची अडचण हेंच आहे, असें लेखकानें न बोलतां धरलें आहे.

गृहीत ओळखण्याची एक खात्रीची युक्ति आहे. पर्याय नकारार्थी करून पाहावा. "शाळा सोडण्याचें कारण जाण्यायेण्याची अडचण हें नाहीं" असें म्हणतांच लेखकाचा सारा युक्तिवाद कोसळतो. म्हणून तें खरें गृहीत. "बस सरकारनेंच सुरू करावी" हा पर्याय नकारार्थी केला तर युक्तिवादाचें कांहींच बिघडत नाहीं. म्हणून तें गृहीत नव्हे. युक्तिवाद बळकट करणारें वाक्य ही खिंड भरून काढतें, आणि दुबळा करणारें वाक्य ती रुंद करतें. त्या प्रश्नांचें मर्म एवढेंच आहे.

आतां पालकांसाठीं एक उदाहरण देतों. क्लासाची जाहिरात येते: "आमचे ४० विद्यार्थी विधि विद्यापीठांत गेले, म्हणून तुमचा मुलगा आमच्याकडे पाठवा." ४० हा आंकडा खरा धरूं. परंतु त्या क्लासांत एकंदर बसले होते किती? ५० पैकीं ४० कीं ८०० पैकीं ४०? आणि जे गेले, ते क्लासामुळें गेले, कीं क्लासानें प्रवेश देतांनाच हुशार मुलें निवडून घेतलीं होतीं? एका गोष्टीनंतर दुसरी घडली, एवढ्यावरून पहिली दुसरीचें कारण ठरत नाहीं. सर्वच क्लास निरुपयोगी आहेत, असें माझें म्हणणें नाहीं; तसें म्हणणें हाहि तर्कदोषच होईल. पैसे भरण्यापूर्वीं हे दोन प्रश्न विचारावेत, इतकेंच म्हणणें आहे. ज्या पालकांनीं ते विचारले, त्यांनीं मुलाच्या आधीं स्वतःच तर्काचा एक प्रश्न सोडविला.

मांडणीचीं कोडीं

सीईटींत ओळींत बसविणें, दिशा, नातीं, क्रम अशीं कोडींहि असतात. तीं डोक्यांत सोडवूं नयेत. कागदावर घरें आंखावींत. जी अट एकच जागा पक्की करते ती आधीं भरावी, आणि जिच्या दोन वाटा होतात ती मागाहून घ्यावी.

एक लहानसें कोडें पाहूं. अंबड, भोकरदन, परतूर, मंठा व जाफराबाद येथील पांच विद्यार्थी एका ओळींत बसले आहेत. अंबडचा भोकरदनच्याच्या लगेच डावीकडे आहे. मंठ्याचा मधोमध आहे. जाफराबादचा उजव्या टोकास आहे. आतां परतूरचा कोठें? पहिल्या अटीपासून आरंभ केला, तर चार वाटा फुटतात. मंठा तिसऱ्या घरांत व जाफराबाद पांचव्यांत आधीं भरले, कीं अंबड व भोकरदन ह्यांच्या जोडीला पहिलें व दुसरें घरच उरतें, आणि परतूर चौथ्यांत आपोआप येतो. कोडें तेंच, परंतु अटींचा क्रम बदलतांच श्रम निम्म्यावर आले.

क्लॅटमध्यें उतारे आल्यापासून अशा कोड्यांचें महत्त्व कमी झालें आहे. अमेरिकेंत १९४८ सालापासून चालत आलेल्या विधि-प्रवेशपरीक्षेंतूनहि मांडणीच्या कोड्यांचा विभाग ऑगस्ट २०२४ पासून काढून टाकला गेला, व युक्तिवादाच्या प्रश्नांना अधिक जागा मिळाली. वारा कोणत्या दिशेनें वाहत आहे, तें ह्यावरून दिसतें. कोड्यांचा सराव ठेवावा. परंतु वेळ अधिक द्यावयाचा तो वाचनाला.

नियम आणि प्रसंग

कायद्याच्या विभागांत एक नियम व एक प्रसंग देऊन निर्णय विचारतात. हाहि तर्कच. चोरीची व्याख्या घ्या. ती १८६० च्या भारतीय दंड संहितेंत होती. १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेंतहि ती आहे. दुसऱ्याच्या ताब्यांतील जंगम वस्तु, त्याच्या संमतीवांचून, अप्रामाणिकपणें घेण्याच्या हेतूनें हलविणें, असा तिचा सारांश आहे.

शाळेंतून निघतांना एकानें दुसऱ्याची छत्री आपली समजून नेली. चोरी झाली काय? नाहीं, अप्रामाणिक हेतु नाहीं. आतां थोडें अवघड पाहूं. एकानें आपली सायकल दुरुस्तीला दिली. मजुरी न दिल्यामुळें दुकानदारानें ती कायदेशीर रीतीनें अडवून ठेवली. मजुरी बुडवावी म्हणून मालकानें दुकानदाराच्या नकळत ती उचलून नेली. सायकल त्याचीच, मग ही चोरी कशी? परंतु व्याख्येंत "मालकीची" हा शब्द नाहीं. "ताब्यांतील" असा आहे. म्हणून स्वतःच्या वस्तूचीहि चोरी घडूं शकते. एक शब्द निसटला, कीं उत्तर फिरलें. परीक्षेंत एक गुण जातो. कचेरींत एखाद्याचें स्वातंत्र्य जातें.

वेळ व अंदाज

प्रश्न आधीं वाचावा, मग उतारा, मग पर्याय. अडलेल्या प्रश्नावर हट्टानें बसूं नये; खूण करून पुढें जावें व दुसऱ्या फेरींत परत यावें. "नेहमीं", "कधींच नाहीं", "एकमेव" असे टोकाचे शब्द असलेला पर्याय उताऱ्यांत तितकाच टोकाचा आधार असल्याशिवाय घेऊं नये.

अंदाजाचा हिशेबहि एकदां करून ठेवावा. सीईटींत गुण कापीत नसल्यामुळें एकहि प्रश्न रिकामा सोडूं नये. क्लॅटमध्यें चार पर्यायांतून डोळे मिटून १०० उत्तरें दिलीं, तर सरासरीनें २५ बरोबर येतील. उरलेल्या ७५ बद्दल १८.७५ गुण जातील, व हातीं सव्वासहा उरतील. म्हणजे आंधळ्या अंदाजांत फारसा लाभ नाहीं. परंतु दोन पर्याय विचारपूर्वक खोडून उरलेल्या दोहोंतून निवड केली, तर १०० प्रश्नांमागें ५० गुण मिळून साडेबारा जातात, आणि साडेसदतीस उरतात. लाभ आहे तो खोडण्यांत.

घरचा अभ्यास

ह्या सर्वांचा सराव कसा करावा? रोज वर्तमानपत्रांतील एक अग्रलेख घ्यावा. दाव्याखालीं एक रेघ व आधाराखालीं दोन रेघा ओढाव्यात, आणि मधलें गृहीत समासांत लिहावें. क्लॅट देणारानें आठवड्यांतून निदान तीन दिवस हेंच इंग्रजी लेखावर करावें. तर्क मराठींत पक्का झाला, म्हणजे इंग्रजींत अडचण उरते ती शब्दांची, विचारांची नव्हे. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात. चुकलेल्या प्रश्नांची एक वही ठेवावी. तींत बरोबर उत्तरापेक्षां "मी कोणत्या शब्दाला भुललों" हें लिहावें. महिन्यानें ती वही वाचली, म्हणजे आपण एकाच दोन खड्ड्यांत पुनःपुन्हां पडतों, असें दिसून येईल.

आणि पालकांनीं काय करावें? त्यांच्याजवळ ह्या विषयाचें सर्वांत उत्तम साधन आहे. रात्रीं जेवतांना मुलगी कांहीं मत सांगेल, तेव्हां तें बरें कीं वाईट हें लगेच न सांगतां एकच शब्द विचारावा: "कशावरून?" नैयायिक ज्याला हेतु म्हणतात, तो ह्या शब्दानें बाहेर येतो. मात्र तोच शब्द मुलीनें आपल्याला विचारला, तर रागावूं नये, उत्तर द्यावें.

मंठ्याच्या त्या पालकांना मीं शेवटीं हेंच सांगितलें. पुण्याला पाठविण्याचा विचार तूर्त बाजूस ठेवावा. सहा महिने घरीं असा अभ्यास करून पाहावा, मागील प्रश्नपत्रिकांत किती गुण पडतात तें मोजावें, आणि मग पुराव्यावरून निर्णय घ्यावा. ते क्षणभर थांबले व हंसून म्हणाले, "सर, एवढ्यानें जमेल, हें कशावरून?"

प्रश्न अगदीं बरोबर होता. मीं त्यांना सांगितलें, तें सहा महिन्यांनीं गुणांवरूनच कळेल. माझ्या शब्दावर जाऊं नका.

आपल्या जिल्ह्याचीं अपिलें १९८१ सालापासून उच्च न्यायालयाच्या छत्रपति संभाजीनगर येथील खंडपीठापुढें चालतात. जमिनीच्या मोजणीचा, वाटणीचा, भूसंपादनाच्या मोबदल्याचा कागद हातांत घेऊन आपलीं माणसें तेथें जातात. त्या कागदांत आहे तेवढेंच वाचणारा, व नाहीं तें नाहीं असें धीरानें सांगणारा वकील त्यांना मिळावा. तो ह्याच वर्गांतून कां निघूं नये?